सिंगापूरला निघण्यापूर्वी : तिथले कायदे आणि आपल्या बॅगा

आमच्यासोबत सिंगापूरला येणाऱ्या सर्वांनी हे पत्रक बॅग भरायच्या आधी वाचावं. व्हिसा, हॉटेल, जेवण ही आमची जबाबदारी. सार्वजनिक ठिकाणचे नियम मात्र ज्याचे त्यालाच पाळावे लागतात, आणि पर्यटक म्हणून तिथे कुणाला सूट मिळत नाही.

सगळ्यात आधी तंबाखू, कारण आपल्या मंडळींची खरी अडचण इथेच होते. गुटखा, खैनी, जर्दा आणि तपकीर यांवर सिंगापुरात १ ऑगस्ट २०१६पासून बंदी आहे. खिशातली चुन्याच्या डबीसोबतची पुडी, आजींच्या पिशवीतली मशेरी, हे सगळं घरीच ठेवून या. "स्वतःपुरतीच आहे" हे कारण कस्टमवाले ऐकत नाहीत. सिगारेट नेता येते, पण एकही काडी करमुक्त नाही. विमानतळावर रेड चॅनेलला, म्हणजे कर लागणाऱ्या वस्तू जाहीर करायच्या रांगेत, जाऊन सांगायचं आणि कर भरायचा. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. ग्रुपमध्ये कॉलेजची मुलं असतील तर आईवडिलांनी त्यांना हे आधीच स्पष्ट विचारावं.

च्युइंगगमही नको. १९९२पासून ते देशात आणायला आणि विकायला बंदी आहे. लोक चघळलेलं गम मेट्रोच्या दारांना चिकटवायचे, दारं नीट लागेनात आणि गाड्या अडकून पडायच्या. त्यातून हा कायदा आला.

त्याच मेट्रोत, म्हणजे एमआरटीमध्ये, खाणंपिणं पूर्ण बंद आहे. दंड ५०० डॉलरपर्यंत (इथे डॉलर म्हणजे सगळीकडे सिंगापूर डॉलर). पाण्याचा घोटही यात येतो. गाडी सुटली की डबा उघडायचा, चिवडा सगळ्यांना वाटायचा ही आपली रीत प्रेमाचीच, पण ती हॉटेलवर पाळू. लहान मुलांना स्टेशनात शिरण्याआधीच खाऊपाणी द्या.

कचरा टाकला तर पहिल्या वेळी साधारण ३०० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने वीस हजार रुपयांच्या आसपास. बसचं तिकीट किंवा चॉकलेटचा कागदही कचराच. प्रकरण कोर्टात गेलं तर दंड वाढतो, शिवाय अंगात जाकीट घालून सार्वजनिक जागा झाडायची शिक्षाही होऊ शकते. थुंकण्यालाही दंड आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या सार्वजनिक जागेत, जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून ठरलेल्या जागी ठेवायचा. २०२१पासून तसा नियम आहे. कबुतरांना दाणे टाकू नका, तिथे तो गुन्हा आहे.

रात्री १०.३० ते सकाळी ७ या वेळात रस्त्यावर, बागेत किंवा किनाऱ्यावर दारू पिता येत नाही. मुस्तफा सेंटरला खरेदीसाठी आपण सगळेच जातो. तो लिटल इंडियाचा भाग २०१३च्या दंगलीनंतर जास्त कडक केलेला आहे. शनिवारी सकाळी ७ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत तिथे उघड्यावर पिणं पूर्ण बंद. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जुलै २०२२पासून धूम्रपानही चालत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या गडकिल्ल्यांच्या भिंतींवर कोरलेली नावं पाहून जीव तुटतो. सिंगापुरात भिंतीवर, बाकावर नाव लिहिणं किंवा कोरणं हा १९६६च्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे. दंड, तुरुंग आणि पुरुषांना वेताचे फटकेही. १९९४मध्ये एका अमेरिकन तरुणाला हे फटके बसले; खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली करूनही शिक्षा फक्त कमी झाली, टळली नाही.

रस्ता ओलांडताना जवळपास क्रॉसिंग असेल तर तिथूनच जा. पन्नास मीटरच्या आत दुसरीकडून ओलांडणं नियमबाह्य आहे.

औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर तिचा फोटो काढून निघण्याच्या निदान दोन दिवस आधी आमच्या ऑफिसला पाठवा. कुणालाही दंड झाला तर आमचा टूर मॅनेजर सोबत थांबेल, भाषेची मदत करेल. दंडाची रक्कम मात्र टूरच्या खर्चात धरलेली नाही, ती ज्याची त्याने भरायची आहे.