रक्त म्हणतं एक, सोनोग्राफी म्हणते दुसरंच

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात डिचोलीच्या मावशीचा रिपोर्ट आला, टीएसएच ०.०२. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान तसंच पडलं आणि घरातले सगळे व्हॉट्सॅपवरच्या त्या पीडीएफला चिकटले. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या मधे असतो. हे हार्मोन मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉईडला 'काम कर' असं सांगायला, म्हणजे तो इतका खाली गेला तर थायरॉईड आधीच धावत सुटलाय आणि पिट्युटरी गप्प बसलीय असा अर्थ. वर फ्री टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, पण वाढलेलं. झालं, भाच्याने गुगल करून निदानसुद्धा देऊन टाकलं.

पण मावशी होती तशीच होती हो. वजन तेवढंच, छातीत धडधड नाही, नारळ खवताना हात जराही थरथरत नव्हता. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिला प्रश्न काय विचारला तर, केसांसाठी काही घेता का? घेत होती, मुलीने आणून दिलेल्या गमीज, रोज १० मिलिग्रॅम बायोटिन. शरीराला लागतं दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही तीनशेपटीच्याही वर गेली.

आता केसांच्या गोळीचा थायरॉईडशी काय संबंध, तर थायरॉईडशी काहीच नाही, संबंध लॅबच्या मशीनशी आहे. बऱ्याच मशीनमधे टीएसएचला पकडणाऱ्या अँटिबॉडीला बायोटिनचं शेपूट लावलेलं असतं, ते शेपूट स्ट्रेप्टाविडिन नावाच्या प्रोटीनला घट्ट चिकटतं आणि मग किती चिकटलं ते मशीन मोजतं. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की सकाळच्या पणजी बसमधे चढताना होतं तसं होतं, सीटवर आधीच कोणीतरी बसलेलं. टीएसएच उभाच राहतो, मशीन धुतं तेव्हा वाहून जातो आणि आकडा कमी येतो. फ्री टी४ ची टेस्ट उलटी चालते, तिथे सिग्नल जितका कमी तितकं हार्मोन जास्त धरतात, म्हणून तो आकडा खोटा वाढतो. दोन्ही चुका उलट्या दिशेच्या आणि एकत्र वाचल्या की हुबेहूब आजार! गमीज बंद करून काही दिवसांनी परत रक्त दिलं, टीएसएच २.१.

गळ्याच्या सोनोग्राफीत मात्र १.६ सेंटिमीटरची गाठ निघालीच. इथे लोकांचा गोंधळ होतो, टीएसएच नॉर्मल तर गाठ कशी? ग्रंथी किती काम करते ते रक्त सांगतं, तिचा आकार कसा आहे ते सोनोग्राफी सांगते, एकाचं उत्तर दुसऱ्याकडे मिळत नाही. उतारवयात अशा गाठी खूप जणांत सापडतात, बहुतेक निरुपद्रवी. काळपट, रुंदीपेक्षा उंची जास्त, कडा ओबडधोबड, आत बारीक पांढरे ठिपके असं दिसलं की मग सुई टाकून पेशी बघतात. मावशीची गाठ आडवी आणि गुळगुळीत, म्हणून सुई नाही, वर्षाने परत सोनोग्राफी. (शेजारीण म्हणाली आगरवाड्याचं मीठ खा, समुद्राचंय, आयोडीन मिळेल. मिठागरातल्या साध्या मिठात आयोडीन नावापुरतंच उरतं, त्यापेक्षा नुस्त्यातून, म्हणजे मासळीतून जास्त मिळतं.)

हा न जुळणारा हिशोब दर वेळी लॅबचाच खोटेपणा असतो असं नाही. टी४ खरंच वाढलेला असून टीएसएच खाली आलाच नाही, तर क्वचित पिट्युटरीतच टीएसएच बनवणारा ट्यूमर निघतो, मग एमआरआय. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो स्ट्रुमा ओव्हरी. रक्तात थायरॉईड जोरात, पेशंटला लक्षणंही आहेत, पण किरणोत्सारी आयोडीन देऊन स्कॅन केला तर गळ्यातली ग्रंथी झोपलेली. असं दिसलं की आधी ग्रंथीला सूज आहे का, हार्मोनच्या गोळ्या जास्त होतायत का ते बघतात, आणि ते नसेल तर स्कॅन ओटीपोटापर्यंत खाली नेतात. तिथे अंडाशयातल्या गाठीत चक्क थायरॉईडचा टिश्यू वाढलेला असतो आणि तोच हार्मोन ओतत असतो!

मेड्युलरी थायरॉईड कॅन्सरची गंमत वेगळी, त्यात टीएसएच नॉर्मलच राहतो, पकडायचा तर त्या गाठीतून निघणारं कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन मोजावं लागतं. साधारण चौथा हिस्सा केसेस आनुवंशिक, रेट (RET) नावाच्या जीनमधल्या बिघाडाच्या, आणि अशा माणसाच्या किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अॅड्रिनालिन सोडणारा ट्यूमर, लपलेला असू शकतो. तो तपासल्याशिवाय गळ्याच्या ऑपरेशनला घेतलं तर भूल देताना बीपी जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. तपासताना अॅड्रिनालिन मोजत नाहीत, कारण ट्यूमर ते अधूनमधून सोडतो आणि नेमक्या त्या क्षणी सुई कोण टोचणार, त्याच्यापासून ट्यूमरच्या आतच सतत बनत राहणारं मेटानेफ्रिन मोजतात. रक्त घ्यायचं तर आधी वीस-तीस मिनिटं आडवं झोपवतात, नुसतं उभं राहिल्यानेही आकडा वाढतो. सीटी नंतर, कारण तिथेही निरुपद्रवी गाठी पुष्कळांना असतात आणि आधीच फोटो काढला तर उगाच एक नवीन काळजी घरी आणायची.

यंदा सोनोग्राफीत मावशीची गाठ होती तेवढीच. रक्त द्यायला गेली तेव्हा लॅबवाल्याने विचारायच्या आधीच हिने सांगून टाकलं की केसांचं काही घेत नाही, आणि वर विचारलं, मेंदी लावलीय, ती चालते ना?

चालते.