स्थानिक वेब सर्व्हर

वेबपाने लिहायला शिकणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर चालवलेला आणि त्याच संगणकावरच्या ब्राउझरला पाने पुरवणारा वेब सर्व्हर. बोलण्यात त्याला सरसकट ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. मागणी आली की त्या क्षणी तयार होणारी, म्हणजे डायनॅमिक, पाने शिकायची तर तो लागतोच. या नोंदीत पीएचपी भाषेसाठीची मांडणी उदाहरण म्हणून घेतली आहे.

सर्व्हर म्हटले की गार खोलीतली कपाटभर यंत्रे डोळ्यांपुढे येतात. मुळात तो एक प्रोग्रॅम आहे. ठरलेल्या पत्त्यावर कान लावून बसायचे आणि मागणी आली की उत्तर द्यायचे, एवढेच त्याचे काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या संशोधन केंद्रात जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तोही टेबलावरच्या एका नेक्स्ट संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी चिठ्ठी लाल शाईने लिहून त्यावर चिकटवलेली होती. घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवणे ही त्यामुळे कुठली तडजोड नव्हे. वेबची सुरुवातच तशी झाली.

एचटीएमएलची फाइल डबल क्लिक केली की ब्राउझरमध्ये उघडते. पीएचपीच्या फाइलचे तसे होत नाही, कारण ब्राउझरला पीएचपी कळत नाही. ती भाषा सर्व्हरवर चालते आणि तिच्यातून निघालेले एचटीएमएल तेवढे ब्राउझरकडे जाते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर सध्याची वेळ छापणारे एका ओळीचे पान करावे. पान रिफ्रेश केले की सेकंद बदललेले दिसतात. मग त्याच पानाचा सोर्स, म्हणजे ब्राउझरकडे आलेला मूळ मजकूर, उघडून पाहावा. तिथे वेळ छापलेली असते, कोडची ओळ मात्र नसते. डायनॅमिक पान म्हणजे काय, हे समजावून देणारा याहून सोपा प्रयोग नाही.

‘लोकलहोस्ट’ हे नाव १२७.०.०.१ या पत्त्याला जोडलेले असते. १२७ पासून सुरू होणारे सगळे पत्ते संगणकाने स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवले आहेत. या पत्त्यावर पाठवलेली मागणी नेटवर्कच्या तारेपर्यंत जातच नाही, आतल्या आत वळून परत येते. म्हणून सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतले की पुढचा सगळा अभ्यास इंटरनेटशिवाय होतो. जिथे रेंज येते-जाते, तिथल्या विद्यार्थ्याला ही मोठीच सोय आहे.

या मांडणीत तीन घटक असतात: अपाची हा सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा माहिती साठवणारा डेटाबेस. तिघांचाही जन्म १९९५ च्या आसपासचा. रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सुरू केली ती स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी. मायएसक्यूएलमधले ‘माय’ हे त्याच्या कर्त्यांपैकी एक मायकेल विडेनियस यांच्या मुलीचे नाव. पुढे त्यांनी त्यातूनच मारियाडीबी काढला, त्याला धाकट्या मुलीचे नाव दिले. लिनक्सवर या तिघांची जोडणी ‘लॅम्प’ म्हणून ओळखली जाते. तिन्ही गोष्टी सुट्ट्या बसवून एकमेकींशी जुळवणे नवख्याला जड जाते. ते काम एका इन्स्टॉलरमध्ये आणणारा ‘झॅम्प’ हा संच अपाची फ्रेंड्स या गटाने २००२ मध्ये काढला. तो मोफत असून विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. आता त्यात मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी असतो. विंडोजसाठी वॅम्पसर्व्हर आणि मॅकसाठी मॅम्प असेही संच आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे असून ते मराठीतूनही ऐकता येतात.

विंडोजवर झॅम्प सी ड्राइव्हमध्ये थेट बसवावा, प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको. तिथे फाइल लिहिण्याची परवानगी आडवी येते. कंट्रोल पॅनेलमध्ये अपाची आणि मायएसक्यूएलपुढचे स्टार्ट दाबले की त्यांची नावे हिरवी होतात. झॅम्पच्या फोल्डरात ‘एचटीडॉक्स’ नावाचा फोल्डर असतो. आपली पाने तिथेच ठेवायची. त्यात ‘सराव’ अशा अर्थाचा एक फोल्डर इंग्रजी अक्षरांत केला, की ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, तिरकी रेघ आणि त्या फोल्डरचे नाव टाइप करून तो उघडतो.

वर सांगितलेला वेळेचा प्रयोग भारतात पहिल्यांदा करणारा बहुधा चक्रावतो, कारण घड्याळ साडेतीन किंवा साडेचार तास मागे दिसते. संच जर्मनीत घडलेला असल्याने त्याच्या पीएचपीच्या सेटिंग फाइलमध्ये युरोप/बर्लिन हा टाइमझोन लिहिलेला असतो. तो बदलून आशिया/कोलकाता करावा आणि अपाची बंद करून पुन्हा सुरू करावा. ही दुरुस्ती शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने करावी. सर्व्हर सेटिंग फाइल फक्त सुरू होताना वाचतो, ही गोष्ट त्यातून कायमची लक्षात राहते.

अपाची सुरूच झाला नाही, तर पहिला संशय पोर्टवर, म्हणजे मागणी ज्या क्रमांकाच्या दारातून प्रोग्रॅमपर्यंत येते त्यावर, घ्यावा. वेब सर्व्हरचे ठरलेले पोर्ट ८० आहे आणि एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम बसू शकतो. विंडोजमधला आयआयएस हा सर्व्हर चालू असेल तर ती जागा आधीच अडलेली असते. मग अपाचीच्या सेटिंगमध्ये ८० च्या जागी ८०८० लिहायचे आणि पत्त्यात लोकलहोस्टपुढे अपूर्णविराम देऊन तोच आकडा टाकायचा.

स्थानिक सर्व्हरचा खरा फायदा असा, की मागणी पाठवणारा आणि उत्तर देणारा दोघेही आपल्याच हाताखाली असतात. अपाचीच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, प्रत्येक मागणीची एक ओळ पडते: कुठून आली, किती वाजता, कोणती फाइल मागितली, उत्तराचा क्रमांक काय. २०० म्हणजे पान मिळाले, ४०४ म्हणजे सापडले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवर काही बिघडले. एरर लॉगमध्ये तर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. लॉगची खिडकी शेजारी उघडी ठेवून काम करण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

मराठी मजकुराकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. जुन्या मायएसक्यूएलमध्ये न सांगता लागू होणारा अक्षरसंच लॅटिन-१, म्हणजे रोमन लिपीपुरता, होता. त्यात देवनागरी साठवायला गेले की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे, किंवा एरर येई. डेटाबेस तयार करतानाच यूटीएफ-८ एमबी-४ हा संच निवडावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. संगणकाला मात्र काना आणि वेलांटी धरून तो पाच चिन्हांचा, आणि पीएचपीच्या साध्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला पंधरा बाइटांचा. पाच हे उत्तर हवे तर ‘एमबी’ने सुरू होणारे फंक्शन वापरावे, तीन हवे तर ‘ग्राफीम’ने सुरू होणारे. इंग्रजी उदाहरणांत तिन्ही उत्तरे एकच येतात, म्हणून इंग्रजी पुस्तकावरून शिकताना ही अडचण पुढे येतच नाही. सरावाच्या फॉर्ममध्ये पहिले नाव मराठीतच भरून पाहावे.

डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शने २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. ती वापरणारा जुन्या पुस्तकांतला कोड आजच्या झॅम्पवर चालत नाही. त्यांच्या जागी पीएचपीतलीच पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय ही नवी साधने वापरावीत. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, थेट चिकटवू नये, आधी तयार केलेल्या क्वेरीत वेगळा पाठवावा. हा धडा स्थानिक सर्व्हरवरच पक्का व्हायला हवा.

फक्त पीएचपी तपासायची असेल तर २०१२ पासून, म्हणजे ५.४ या आवृत्तीपासून, भाषेतच एक छोटा सर्व्हर आहे. तो एका कमांडने सुरू होतो. अनेक जण आता डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासह वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन, वापरतात. नवख्याने त्याची घाई करू नये.

झॅम्प सरावासाठी आहे, सगळ्यांसाठी खुली साइट चालवण्यासाठी नाही. त्यात डेटाबेसच्या ‘रूट’ या मुख्य खात्याला पासवर्ड नसतो आणि चुकांचे संदेश सरळ पानावर छापले जातात. साइट होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, चढवताना दोन्ही बदलावे लागते. शिवाय होस्टिंग बहुधा लिनक्सचे असते. विंडोज फाइलच्या नावातल्या इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करते; त्यामुळे घरी दिसणारा फोटो तिथे ४०४ देतो. फाइलची नावे पहिल्या दिवसापासून लहान अक्षरांतच ठेवली, तर ही वेळ येत नाही.