48 टक्केवाला पण लेजंड होतो, त्याची गोष्ट

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईकडे अमळनेरला गेलो होतो. खान्देशात आखाजी म्हणजे पोरींचे झोके, खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि गडीमाणसांचे पत्ते, इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जेवणं झाली, बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववेना, आणि दाजी चपला घालून पत्त्याच्या बैठकीला निघाले. निघता निघता नजर गेली भाच्याकडे, तो कोपऱ्यात पंख्याखाली मोबाईल घेऊन आडवा.

"काय करी ऱ्हायना भो?"

"पत्ते खेळतोय पप्पा."

झालं. ऑनलाइन पत्ते सरकारनी बंद केले ना, तू काय आम्हाला भिकेला लावशील का, पोरं बिघडली, सगळं एका दमात. आणि हे बोलणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या खिशात दहा-वीसच्या नोटांची गड्डी फुगलेली दिसतेय, ताई आणि मी एकमेकांकडे बघून गप्प.

तर आधी गैरसमज काढून टाकू. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनी जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले, ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे गेम वेगळे धरलेत. भाचा खेळतो ते हार्थस्टोन, ब्लिझार्ड कंपनीचा 2014 चा गेम, त्यात डावावर पैसा लागत नाही. 30 पत्त्यांचा डेक तुम्ही स्वतः बांधायचा, समोरच्याचा त्याचा वेगळा, दोघांच्या हिरोला 30-30 जीव, ज्याचा आधी संपला तो हरला. पत्त्यांची पाकिटं विकत मिळतात, आत काय निघेल ते नशीब, तो भाग मला अजिबात आवडत नाही आणि तिथं दाजींचं थोडं बरोबर आहे. पण आजचा विषय तो नाही.

दाजी गेल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मामा, तीन आठवडे झाले डायमंड 5 ला अडकलोय. चढलो की गेम मुद्दाम हरवतो. रिग्ड आहे."

हे वाक्य ऐकलं आणि माझी दुपारची झोप गेली, कारण कॉलेजात मी जे शिकवतो त्यातला माझा सगळ्यात लाडका धडा हाच आहे.

शिडी कशी आहे बघा. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, प्रत्येकात 10 रँक, प्रत्येक रँकला 3 तारे, आणि सगळ्यात वर लेजंड. दर महिन्याला परत खालून सुरुवात. खालच्या भागात लागोपाठ जिंकलं की जास्तीचे तारे मिळतात म्हणून भराभर चढता येतं, पण डायमंड 5 पासून वर सरळ हिशोब, जिंकलास एक तारा वर, हरलास एक तारा खाली. 5 रँक गुणिले 3, म्हणजे साधारण 15 तारे. आणि एक बारीक नियम, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही: डायमंड 5 ही फ्लोर आहे. तिथं शून्य ताऱ्यावर असताना कितीही हरा, त्याच्या खाली ढकलत नाहीत.

ताईच्या घरी गच्चीवर जायचा जिना बाहेरच्या बाजूनी आहे. मी भाच्याला म्हटलं ऊन उतरू दे, मग दाखवतो. पाच वाजता त्याला जिन्याच्या तळाशी ओट्यावर उभं केलं, 15 व्या पायरीवर खडूनी रेघ मारली, आणि रुपयाचं नाणं घेऊन मी खाली बसलो. छापा पडला एक पायरी वर, काटा पडला एक खाली, ओट्यावर असताना काटा पडला तर तिथंच उभं राहायचं. नाणं काही रिग्ड नव्हतं, भारत सरकारचं होतं. पोरगं चौथ्या पायरीवर जाई, दुसरीवर येई, सातवर पोचलं की तोंडभर हसे आणि दहा नाणेफेकीत परत ओट्यावर. पहिल्या वेळी 96 फेकीत रेघ गाठली. मला वाटलं प्रयोग फसला, फार लवकर झालं. दुसऱ्या वेळी 300 झाल्यावर माझा अंगठा दुखायला लागला आणि पोरगं होतं तिसऱ्या पायरीवर. ताई वरून ओरडली, "अरे काय वेड लागलं का दोघांना?"

आता गणित, आणि हे खरंच सोपं आहे, दहावीच्या पुढचं काही नाही.

ओट्यावरून पहिल्या पायरीवर जायला सरासरी किती फेकी? दर वेळी शक्यता निम्मी, म्हणजे सरासरी 2. पहिलीवरून दुसरीवर जायला किती? समजा क्ष. एक फेक तर लागणारच. निम्म्या वेळा काम झालं. निम्म्या वेळा ओट्यावर आलो, तिथून पहिलीवर परत यायला 2 आणि मग पुन्हा तेच क्ष. म्हणजे क्ष = 1 + ½(2 + क्ष), सोडवा, क्ष = 4 येतं. तिसरीला तसंच 6. चौथीला 8. पंधरावीला 30. वर जाल तशी प्रत्येक पायरी महाग होत जाते, पायरी तेवढीच उंच असूनसुद्धा, कारण आता पडायला खाली जागा जास्त आहे. 2 + 4 + 6 असं करत 30 पर्यंत बेरीज करा: 240.

म्हणजे बरोब्बर 50 टक्के जिंकणारा खेळाडू, ज्याच्यात ना गुण ना दोष, तो सरासरी 240 डावांत लेजंड होतो. ही सरासरी आहे हे विसरू नका, कोणी 80 त पोचेल, कोणाला 500 लागतील, दोघंही तितकेच खेळाडू. 80 वाला व्हिडिओ काढतो, 500 वाला रिग्ड म्हणतो. अशा भटकण्याला रँडम वॉक म्हणतात, नाव 1905 साली कार्ल पिअर्सननी नेचर मासिकात एक प्रश्न विचारला तेव्हाचं.

आता नाणं थोडं वाकडं करू. 52 टक्के जिंकणाऱ्याला सुमारे 165 डाव लागतात. 55 ला 107. 60 ला 65. पण मला मजा खालच्या बाजूला वाटते. 48 टक्केवाला, म्हणजे जो जिंकतो त्यापेक्षा जास्त हरतो असा माणूस, त्याला किती? अनंत? नाही भो, 380. अन् 45 टक्केवाल्याला सुमारे 910. पोचतात! महिनाभर नेटानी बसले तर 48 टक्केवालासुद्धा लेजंडचं चिन्ह मिरवतो. हे कशामुळे, तर त्या ओट्यामुळे. खाली पडायला मर्यादा आहे, वर जायला संधी परत परत आहे, एक दिवस लहर लागतेच. गणितवाले अशा तळाला परावर्तक कड म्हणतात, चेंडू आपटून परत येतो तशी.

आणि इथं दाजींची गोष्ट येते. ते 15 नोटा घेऊन बसलेत समजा, दर डावाला एक नोट, 30 झाल्या की उठायचं असं ठरवलेलं (उठत नाहीत, पण समजा). त्यांचा पण जिनाच आहे, पण तळाला ओटा नाही, विहीर आहे. खिसा रिकामा झाला की खेळ संपला, परत छापा पडायची वाट बघता येत नाही. ही शोषक कड. नाल काढणारा (बैठक भरवणारा) आपला हिस्सा, म्हणजे नाल, काढतो म्हणून शक्यता 50 च्या जागी 48 धरा. 15 च्या 30 व्हायची शक्यता किती? 23 टक्के. कफल्लक होऊन घरी यायची 77. तोच 48 टक्केवाला माणूस, तीच एक पायरी वर एक पायरी खाली, फक्त तळाची कड बदलली, तर एक लेजंड होतो आणि दुसरा आखाजीला बायकोचं तोंड चुकवत फिरतो. जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचं हे गणित 1657 साली हायगेन्सनी छापलंय, साडेतीनशे वर्षं होऊन गेली, तरी दरवर्षी सतरंजी पडतेच. वर कोणी सांगतं की उत्तरेकडं तोंड करून बसलं की पत्ता लागतो, कोणी ठरावीक रंगाचा रुमाल खिशात ठेवतो. रुमालानी 48 चे 49 होत नाहीत.

मोबाईलवाल्या पोरांच्या अंधश्रद्धा वेगळ्या पण जात तीच. "गेमला कळतं मी चढतोय." 50 टक्के जिंकणारा 100 डाव खेळला तर त्यात कुठंतरी लागोपाठ 6 किंवा जास्त हार यायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, 54 टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवून बघा, नाण्याला काही तुमचा राग नाही. पण, आणि हे मला भाच्याकडून शिकायला मिळालं, लागोपाठ तीन हरल्यावर फोन ठेवून द्यायचा हा पोरांचा नियम चांगला आहे. कारण चुकीचं सांगतात, दिवस खराब आहे वगैरे, दिवसाला काही माहीत नसतं. पण डोकं तापलं की हातातला पत्ता घाईनी टाकला जातो, आणि 50 चे 48 झाले की 240 चे 380 होतात. दोन टक्क्यांत 140 डाव!

मग डेक कुठला घ्यायचा? इथं सगळे चुकतात. सगळे विचारतात जास्त जिंकतो कुठला. विचारायला पाहिजे तासाला किती चढवतो. समजा एक शांत डोक्याचा डेक आहे, लांबवत लांबवत जिंकणारा, 56 टक्के, पण डावाला 12 मिनिटं. त्याला 95 डाव लागतात, म्हणजे 19 तास. दुसरा मारधाडवाला, पहिल्या खेळीपासून हिरोवर तुटून पडायचं, 53 टक्केच, पण 6 मिनिटांत निकाल. त्याला 141 डाव, 14 तास. हरतो जास्त, पण आधी पोचतो. कमी हुशार डेक जिंकला, कारण तारा डावावर मिळतो, मिनिटावर नाही.

अन् ते "90 टक्के विन रेट" वाले व्हिडिओ. 10 डाव खेळला, 9 जिंकला, लावलं थंबनेल. नियम साधा आहे, 100 डाव खेळून काढलेल्या टक्केवारीत 10 टक्के इकडं-तिकडं धरायचेच. 52 टक्क्यांचा डेक 50 च्या डेकपेक्षा खरंच चांगला आहे हे सांगायला सुमारे 2500 डाव लागतात. भाच्यानी दर 20 डावांनी डेक बदलला होता, सात वेळा, तीन आठवड्यांत. तो डेक तपासत नव्हता, नाणं उडवून रुपया बदलत होता.

एक खरंच उपयोगाची गोष्ट सांगतो. सुरुवातीला 3 पत्ते येतात (दुसऱ्या नंबरला असाल तर 4), नको ते बदलता येतात. डेकमध्ये तुमच्या हुकमी पत्त्याच्या 2 प्रती आहेत. 3 मध्ये तो यायची शक्यता 19 टक्के. नाही आला म्हणून तिन्ही फेकून नवीन घेतले तर एकूण 36 च्या वर. पोरं "बरा आहे" म्हणून महागडे पत्ते धरून ठेवतात, ते पत्ते पहिल्या चार खेळ्यांत टाकताच येत नाहीत, कारण पत्ता टाकायला क्रिस्टल खर्चावे लागतात आणि पहिल्या खेळीला एकच क्रिस्टल असतो, दुसरीला 2, असे 10 पर्यंत वाढतात. बरा पत्ता आणि आत्ता लागणारा पत्ता यात फरक आहे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता लेजंडच्या वर काय होतं ते थोडं किचकट आहे, ज्यांना नको त्यांनी खालचा परिच्छेद सोडून शेवटी जावं.

वर गेलं की तारे संपतात आणि नुसता नंबर दिसतो, त्यामागं लपलेलं रेटिंग असतं. अशा रेटिंगचा मूळपुरुष बुद्धिबळातला एलो. आर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनी त्याची पद्धत 1970 ला घेतली. दोघांच्या रेटिंगमध्ये 200 चा फरक असेल तर वरच्याची अपेक्षा 0.76, 400 असेल तर 0.91, सूत्र असं की 400 ला पारडं दहास एक होतं. डाव झाला की निकालातून (जिंकलं तर 1, हरलं तर 0) अपेक्षा वजा करायची, उरलेल्याला एका ठरावीक आकड्यानी गुणायचं, तेवढं रेटिंग हललं. म्हणजे 0.91 अपेक्षा असताना जिंकलात तर 0.09 चंच बक्षीस, हरलात तर 0.91 चा दणका. जितके लायकीच्या वर जाल तितकी खाली ओढ जास्त, स्प्रिंगला बांधल्यासारखी. रँडम वॉक आहेच, पण आता जिना सपाट नाही, दरी आहे आणि तुमची खरी ताकद दरीच्या तळाला. तिथं 380 काय 3800 डाव खेळा, घुटमळणार तिथंच. डायमंडची शिडी चिकाटीला पगार देते, एलो देत नाही, म्हणून लेजंड झालेले निम्मे लोक पुढच्या आठवड्यात गेम सोडून देतात असा माझा आपला अंदाज.

हे सगळं मॉडेल आहे हे मान्य. प्रत्येक डावाला समोरचा वेगळा, त्याचा डेक वेगळा, शक्यता जागेवर थांबत नाही.

दाजी रात्री साडेनऊला आले. खिसा चपटा. कोणी काही विचारलं नाही, ताईनी ताट वाढलं.

काल भाच्याचा मेसेज आला. या महिन्यात 214 डाव झाले, एकच डेक, डायमंड 2 वर एक तारा, म्हणजे 10 पायऱ्या चढून झाल्या. ताईनी विचारलं अजून किती, तर हा म्हणाला, "पाचच राहिले." मी त्याला परत पाठवलं: 22 + 24 + 26 + 28 + 30 = 130. झालेले 214 कुठंच धरायचे नाहीत, नाणं मागचं लक्षात ठेवत नसतं. त्यावर त्यानी नुसता जिन्याचा फोटो पाठवला, खडूची रेघ अजून आहे.