पाणी न पाजलेली कुऱ्हाड

मावसभावाच्या हॉलमध्ये ‘अस्सल व्हायकिंग युद्धकुऱ्हाड’ टांगलेली आहे, ऑनलाइन मागवलेली. परवा पठ्ठ्याने तिने नारळ फोडायला घेतला. नारळ शाबूत, धार दुमडली!

ही नक्कल डेन्मार्कमधल्या मामेनच्या कुऱ्हाडीची. १८६८ साली ती एका थडग्यात सापडली. थडग्यातल्या लाकडाच्या वर्तुळांवरून काळ निघाला इ.स. ९७०-७१ चा हिवाळा. लोखंडात खाचा कोरून त्यांत चांदीची तार ठोकलेली आहे. मूळ कुऱ्हाडसुद्धा बहुधा मिरवण्यासाठीच होती. म्हणजे भावाकडे शोभेच्या वस्तूची शोभेची नक्कल आहे, तीही चांदीऐवजी लेझरच्या नक्षीची.

लढायच्या कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. तिचं नेढं आणि अंग मऊ लोखंडाचं, धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली. मग तिला ‘पाणी पाजायचं’. आपले लोहार विळा-कोयत्याला पाजतात तेच.

या पाण्याने नेमकं काय होतं? पोलाद म्हणजे थोडा कार्बन मिसळलेलं लोखंड. ते सुमारे ८०० अंशांपर्यंत तापलं की लोहाचे अणू वेगळी मांडणी धरतात. तिच्यातल्या फटी ऐसपैस, त्यांत कार्बन आरामात मावतो. सावकाश निवू दिलं तर लोह जुन्या मांडणीवर येतं आणि कार्बन बाहेर सरकतो. पण पाण्यात बुडवताच त्याला निसटायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, घनाकृती जाळी एका दिशेला ताणली जाते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. धातू वाकतो तो अणूंच्या मांडणीतले दोष पुढे सरकतात म्हणून. ताणलेल्या जाळीत त्यांना सहजी सरकता येत नाही. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून पुन्हा २००-३०० अंशांपर्यंत शेकायचं. पृष्ठभागावर गवती पिवळा, मग जांभळा रंग चढतो, त्यावरून लोहार ताव ओळखतो.

रक्तात विझवलेल्या शस्त्रांच्या कथा रंगवून सांगतात. रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच, थोडं मीठ घातलेलं. त्यात कसली आली मंतरलेली ताकद!

मी कानस आणून भावाच्या कुऱ्हाडीवर फिरवली. पाणी चढलेल्या धारेवरून कानस घसरते. इथे ती चावली आणि खाली चकचकीत कीस पडला.

“मग गॅसवर लाल करून बादलीत बुडवू का?” त्याने विचारलं.

साध्या मऊ लोखंडात कार्बन जेमतेम ०.२ टक्के. अडकायला तेवढ्याने काय होणार? नक्षी तेवढी काळी पडेल. शिवाय दांडा आधी काढावा लागेल, आणि तो चिकटवलेला आहे.