पोरगं म्हणतं, मला चढतच नाही

सोळा-सतराच्या पोरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, अरे मला चढतच नाही. कॉलर ताठ करून सांगतात आणि बाकीचे ऐकून घेतात, आणि गंमत म्हणजे यात नेहमी फेकाफेकी असतेच असं नाही. या वयात दारूने झोप उशिरा येते, तोलही मोठ्या माणसापेक्षा उशिरा जातो. पोराला वाटतं आपली कपॅसिटी भारी. पण मोठ्या माणसाला 'बास आता' असं जे शरीर सांगतं ना, ते या वयात धड सांगतच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कळलं मुख्यतः उंदरांमुळे, कारण चौदा वर्षांच्या मुलाला लॅबमध्ये बसवून दारू पाजायला कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. उंदराचं टीनएज म्हणजे जन्मानंतर साधारण २८ ते ४२ दिवस. त्या वयाचा एक उंदीर आणि एक पूर्ण वाढलेला, दोघांना वजनाच्या हिशोबाने सारखा भारी डोस देतात आणि उताणं ठेवतात. शुद्धीतला उंदीर उताणा राहतच नाही, लगेच पालथा होतो, त्यामुळे चारी पायांवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. छोटा उंदीर आधी उठतो, आणि तो उठतो त्या क्षणी त्याच्या रक्तात दारूचं प्रमाण मोठ्यापेक्षा जास्त असतं! म्हणजे दारू लवकर पचली म्हणून उठला असं नाही, दारू अंगात असतानाच उठला. शिवाय भारी डोसऐवजी नुसती थोडी दारू दिली की छोटे उंदीर एकमेकांत जास्त मिसळायला लागतात, मोठ्यांमध्ये हे तसं दिसत नाही. झोपवणारा परिणाम कमी आणि दोस्तीत मजा आणणारा जास्त, आता यात पोरगं थांबणार कुठे?

आणि म्हणूनच टीनएजमधलं पिणं बहुतेक वेळा थोडं थोडं रोज असं नसतं, तर कधीतरी पण एका बैठकीत भरपूर असं असतं. झोप येत नाही म्हणून पोट भरेपर्यंत पितात आणि मग एकदम आडवे होतात. आडवा झालेला मित्र 'झोपू दे त्याला, सकाळी उतरेल' म्हणून सोडून देतात तिथे सगळ्यात जास्त घात होतो, कारण पोटातली दारू तो झोपल्यावरही रक्तात जातच असते, उलटी आली तर ती बाहेर टाकायची शुद्ध नसते आणि श्वास हळू होत जातो. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी पडत असतील किंवा दोन श्वासांमध्ये १० सेकंदांहून जास्त गॅप पडत असेल तर अँब्युलन्स बोलवायची, तोवर कुशीवर वळवून ठेवायचं आणि एकटं सोडायचं नाही. कॉफी, गार पाणी, चालवत फिरवणं यातल्या कशानेही दारू उतरत नाही.

बरं, झोप येत नाही म्हणजे मेंदूला काही होत नाही का? तर तसं नाही, आठवणीचं काम उलट या वयातच जास्त बिघडतं. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत खोल हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, आज घडलेलं उद्यासाठी साठवायचं काम तो करतो, आणि त्यासाठी ज्या रिसेप्टरमधून, म्हणजे पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या दारांमधून, संदेश जावे लागतात तेच दारू दाबून टाकते. पाण्यात बुडवलेली लपलेली फळी शोधायला शिकायचं अशा एका प्रयोगात दारू पाजलेले छोटे उंदीर मोठ्यांपेक्षा जास्त गडबडले. माणसांत याचं टोक म्हणजे ब्लॅकआउट. पोरगा चालतोय, बोलतोय, भांडतोय, कधी गाडीही चालवतोय, समोरच्याला पत्ता नाही, पण आत काही साठतच नाहीये, आणि सकाळी ते तास कोरे. ते नंतर आठवतील या आशेवर राहू नये, जे साठलंच नाही ते आठवणार कुठून.

आता मूळ मुद्दा. मेंदू आकाराने सहाव्या-सातव्या वर्षीच ९० टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं झालं, पोराचा मेंदू तयार. पण खरं काम पुढे असतं. मेंदूच्या पेशींमधली न वापरलेली जोडणी छाटली जाते आणि जी वापरात आहे तिच्यावर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढतं, वायरवर प्लास्टिक चढवतात तसं, मग संदेश वेगाने धावतात. हे काम साधारण मागून पुढे सरकत जातं, आणि कपाळामागचा भाग, जो परिणामांचा विचार करतो, 'नको' म्हणतो, त्याचा नंबर शेवटी, पंचविशीच्या आसपास. मजा, बक्षीस, मित्रांची वाहवा यावर पेटणारी यंत्रणा मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच फुल्ल जोरात. अमेरिकेत १२ ते २१ वयाच्या ८०० हून जास्त मुलामुलींचे मेंदू वर्षानुवर्षं स्कॅन करणारा एक अभ्यास चालू आहे, त्यात जे पुढे खूप प्यायला लागले त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर, म्हणजे पेशींचा थर, बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने पातळ होताना दिसला. थोडा पातळ होणं नॉर्मल आहे, छाटणी चालू असतेच, पण इथे घाई झाली.

आणि व्यसन हेही एक शिकणंच आहे, हे लोक विसरतात. अमुक केलं की बरं वाटतं हे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन मेंदूला शिकवतं, आणि ज्या वयात भाषा, वाद्य, खेळ सगळं पटकन येतं त्याच वयात हेही पटकन येतं. निकोटीनचं तर विचारूच नका, व्हेपमधून, म्हणजे ई-सिगारेटमधून, आलं म्हणून ते वेगळं होत नाही. मेंदूला लक्ष द्यायला लागतात तेच रिसेप्टर ते पकडतं, आणि मग सिगारेटशिवाय अभ्यासात लक्ष लागत नाही असं पोरगं खरंच मनापासून सांगतं.

गांजाला 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं सर्टिफिकेट फार स्वस्तात मिळालंय. गांजातलं नशा आणणारं रसायन टीएचसी ज्या रिसेप्टरवर बसतं ते आपल्या मेंदूच्या स्वतःच्या रसायनांसाठी असतात, आणि जोडण्यांची ती छाटणी नीट व्हायला ही रसायनं लागतात, त्यामुळे छाटणी चालू असताना बाहेरून भडिमार करणं ही रिस्क आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा १५ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा आधीच ५० हून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं) प्रमाण सुमारे ६ पट निघालं. ज्याच्या घराण्यात असा आजार आहे त्याने तर लांबच राहावं. बुद्ध्यंकाचं प्रकरण मात्र एवढं सरळ नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या अभ्यासात टीनएजपासून सतत ओढणाऱ्यांचा बुद्ध्यंक ८ अंकांपर्यंत घसरलेला दिसला आणि त्याच्या बातम्या जगभर झाल्या, पण नंतर जुळ्यांची तुलना केली तर ओढणारा आणि न ओढणारा भाऊ यात तसा फरक सापडला नाही, म्हणजे घरचं वातावरण, जनुकं यांचाही हात असणार. हे सांगायचं कारण, पोरांना अर्धवट सांगून घाबरवलं की ती नेटवर शोधतात, उरलेलं अर्धं सापडतं आणि मग आपलं खरं बोलणंही खोटं ठरतं.

दोष नशेचा की घरच्या परिस्थितीचा, हाच प्रश्न पहिल्यांदा प्यायच्या वयाच्या आकड्यालाही लागू आहे. १९९७ साली छापून आलेल्या अमेरिकन पाहणीत १५ च्या आत प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेलेले निघाले, विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांत १० टक्के. आता दारू लवकर मिळाली म्हणून व्यसन लागलं, की ज्या घरात आधीच ताण, मारहाण, व्यसनी बाप, तिथली पोरं लवकरही पितात आणि अडकतातही? दोन्ही थोडं थोडं खरं आहे असं माझं मत, आणि फक्त दारूकडे बोट दाखवणाऱ्यांना दुसरा अर्धा भाग बघायचा नसतो.

तो अर्धा भाग आइसलँडने बघितला. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वयाच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं, २०१६ मध्ये ५ टक्क्यांनी. ड्रग्ज वाईट असतात ही लेक्चरं त्यांनी आधी देऊन पाहिली होती, फार उपयोग झाला नव्हता. मग पोरांचा रिकामा वेळ हातात घेतला, खेळ-संगीत-नाच यांचे क्लब काढले, फीसाठी सरकारी पैसे दिले, १३ ते १६ वयाच्या मुलांना हिवाळ्यात रात्री १० नंतर एकटं बाहेर फिरायला बंदी केली. आणि आईबापांनी महिन्यातून एकदा भारी काहीतरी करण्यापेक्षा रोज घरी मुलांसोबत वेळ काढावा, आपापसात बोलून रात्री गल्लीत चक्कर मारावी, असं ठरवून घेतलं.