गोदावरी

गोदावरी : भारतीय द्वीपकल्पातील सर्वांत लांब नदी. लांबी सुमारे १,४६५ किमी., खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,१२,८०० चौ. किमी. असून त्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात मोडतो. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किमी. दूर, पण दख्खनचे पठार पूर्वेला कललेले असल्याने ती सारे द्वीपकल्प ओलांडून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते.

या नदीला दक्षिणगंगा म्हणतात, मात्र तिच्या पाण्याची वाटणी फार विषम आहे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो. नाशिक सोडले की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. प्रवरा, सिंदफणा, पूर्णा, मांजरा या उपनद्या मिळत गेल्या तरी मराठवाड्यातले पात्र उन्हाळ्यात ठिकठिकाणी कोरडे पडते. सिरोंच्याजवळ प्राणहिता येऊन मिळते आणि नदीचे रूप पालटते. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी घेऊन येणाऱ्या या एकाच उपनदीने खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापला आहे. पुढे इंद्रावती आणि शबरी मिळतात, पापिकोंडालू डोंगरांतून नदी अरुंद घळईने वाट काढते आणि राजमहेंद्रीखाली गौतमी, वसिष्ठा अशा फाट्यांनी त्रिभुज प्रदेशात पसरते. १९८६ च्या ऑगस्टमधील महापुराने या खालच्या भागात हाहाकार उडवला होता.

मानवी इतिहासाची दाटी मात्र कमी पाण्याच्या वरच्या खोऱ्यातच अधिक आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या पर्वाचे धागेदोरे थेट दख्खनपर्यंत पोहोचल्याचा हा विलक्षण पुरावा. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई, अशी नोंद इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरील ‘गाथासप्तशती’त गोदाकाठचा शेतकरी, त्याची पिके, त्याचे प्रेम माहाराष्ट्री प्राकृतात उमटले आहे, दरबारापेक्षा गावगाडा दाखवणारे इतके जुने साहित्य दुर्मीळच. पुढे पैठणला संत एकनाथ होऊन गेले, तर नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे महानिर्वाण झाले. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ दर बारा वर्षांनी भरतो.

नदीला बांध घालण्याची मोठी कामे इंग्रजी अमदानीत सुरू झाली. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला बंधारा बांधला आणि दुष्काळाने खंगलेला त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार बनला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा; तिथल्या गाळाच्या पाणथळीत आता पक्षी अभयारण्य असून ती महाराष्ट्रातील पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाची म्हणून नोंदलेली) पाणथळ ठरली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी केले. त्याचा नाथसागर जलाशय मराठवाड्याची तहान भागवतो. त्यासाठी अनेक गावांना आपल्या जमिनी पाण्याखाली जाताना पाहाव्या लागल्या, हेही नोंदवायलाच हवे.

राज्याराज्यांतील पाणीवाटप १९६९ मध्ये नेमलेल्या लवादाने १९८० च्या निवाड्यात ठरवून दिले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातला तंटा मात्र प्रत्येक अवर्षणात पेटतो, कारण वरची धरणे भरल्याशिवाय नाथसागरात पाणी पोहोचत नाही. समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते.