खुलासा: कुंग-फू सिनेमातला ठोसा खरंच लागतो का?

‘या सिनेमांत कथा नावापुरती असते, कारण मारामारी शंभर टक्के खरी असते, ठोशाचा आवाजच त्याचा पुरावा.’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

आधी आवाजाचं पाहू. हाँगकाँगच्या १९७० च्या दशकातल्या बहुतेक मारधाडपटांचं चित्रीकरण आवाजाशिवाय व्हायचं. संवाद, ‘धप्प’ आणि ‘सट्’ नंतर स्टुडिओत भरले जायचे. तीच मारामारी आवाज बंद करून पाहा, वार एकदम हलके वाटतील.

आता कॅमेरा. मूठ आणि गाल एका रेषेत येतील अशा जागी तो ठेवला, की मधलं वीतभर अंतर दिसतच नाही. मूठ पुढे येते, समोरचा मान झटकतो, उरलेलं आपला मेंदू जोडतो. निम्म्या वेगाने पाहिलं तर कधीकधी मान आधीच वळलेली सापडते. (मला हे शोधायला भारी आवडतं.) शिवाय सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी २२ किंवा २० फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) टिपून २४ च्या वेगाने दाखवल्या, की हात आणखी चपळ होतात.

मग सगळं खोटंच? तसंही नाही. अंगावरचे वार अनेकदा थोडेफार लागतात, उड्या आणि पडणं बरेचदा खरं असतं, दुखापतीही होतात. म्हणूनच हा समज पटकन पटतो.

आणि कथा पातळ असूनही नजर हटत नाही, कारण मारामारी नाचासारखी बसवलेली असते: ताल, उसंत, पुन्हा ताल. बाकड्याखालून सरपटणारा नायक घाबरलाय की मजा घेतोय, हे त्याच्या पायांवरूनच कळतं.